स्पिरिटचं कडं

सर,

काकूंच्या छातीतली गाठ तुम्ही केलेली नाही, एवढं मी मान्य करते. पण ती वाढू दिली ती तुम्ही, आणि तेही मरून इतकी वर्षं झाल्यावर. जिवंतपणी लोकांना झुलवणारे मी पुष्कळ पाहिले. मेल्यावरही ज्याचा कारभार चालू आहे असा माणूस मला एकच भेटला, आणि माझं नशीब बघा, तोच माझा गाइड होता. आत्ता मी पलासियाच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले आहे. खाली चौकात हॉर्नचा कालवा चाललाय आणि समोरच्या भिंतीवर ‘शांति बनाए रखें’ अशी पाटी आहे. आत टेबलावर तुमची बायको आहे. तुमचा मुलगा बंगलोरहून निघालाय, पण त्याचं विमान लेट आहे, त्यामुळे सह्या मी केल्या, दागिने माझ्या पर्समध्ये आहेत आणि वाटही मीच बघतेय. पर्समध्ये दागिन्यांबरोबर कागद होते, पेन होतं, आणि तुमच्यासाठी शिव्या तर कधीच्या साठलेल्या होत्या. म्हणून लिहायला घेतलं.

मी कोण हे तुम्हाला आठवणार नाही, स्वतःशिवाय तुम्हाला कुणी कधी आठवलं आहे? मी ती, जी साध्या स्पिरिटसाठी वेगळं भोक मागायची. आता आलं ना लक्षात? झाडपाल्याचा अर्क काढायचा, तो जंतूंवर टाकायचा आणि जंतू मरतात का ते बघायचं, हे आपल्या लॅबचं काम. गोल प्लेटमध्ये जेली थिजवायची, तिच्यावर जंतू पसरायचे, जेलीत बारीक भोकं पाडून त्यात अर्काचे थेंब सोडायचे आणि प्लेट इन्क्युबेटरच्या उबेत ठेवून घरी जायचं. सकाळी सगळीकडे सायीसारखी पांढरट वाढ दिसते, आणि ज्या भोकाभोवती जंतू वाढू शकले नाहीत तिथे स्वच्छ गोल कडं. कडं दिसलं की अर्कात दम आहे. आता गंमत अशी की पाल्यातला अर्क उतरावा म्हणून आपण तो स्पिरिटमध्ये भिजवत होतो, आणि स्पिरिट स्वतःच जंतू मारतं. म्हणून एका भोकात नुसतं स्पिरिट टाकून बघायला हवं, की बाबा हे कडं पाल्याचं की स्पिरिटचं. इंजेक्शनच्या आधी नर्स दंडाला काय पुसते हे ज्याने पाहिलंय त्यालाही हे कळेल. तुम्हाला, विभागप्रमुख असून, शेवटपर्यंत कळलं नाही. किंवा कळलं होतं. या दोन्हींतलं जास्त वाईट कोणतं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

सीताफळीचा शोध तुम्हाला कसा लागला ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून मला त्याबद्दल कुणी भाषण देऊ नये. कॉलेजच्या जीपमधून आपण मानपुरला पाला गोळा करायला गेलो होतो. तुम्ही पुढे, सफारी सूटमध्ये, आणि मागे आम्ही पोरी पोत्यांवर. घाटाच्या अलीकडे रानात सीताफळीच सीताफळी. ढाब्यावर चहा पिताना तुम्ही मालकाला विचारलंत की या झाडाचं इकडे काय करतात. तो म्हणाला, ‘‘कुछ नहीं साब, फल खाते हैं. बीज पीस के औरतें जूं मारती हैं.’’ झालं! तुमच्या हातातला कप तसाच राहिला आणि चेहऱ्यावर तो प्रकाश पडला. उवा मारण्यासाठी बिया वाटतात हे माझ्या आजीलाही माहीत होतं, आणि ते डोळ्यात गेलं तर डोळा जातो म्हणून डोक्याला लावताना ती आम्हाला फडकं बांधून बसवायची. तेवढी अक्कल तिच्याजवळ होती. तुम्ही जीपमध्ये बसता बसता म्हणालात, ‘‘उवा मरतात म्हणजे जंतू मरणार. जंतू मरतात म्हणजे गाठ मरणार. लिहून घ्या पोरींनो.’’ आणि आम्ही लिहून घेतलं, कारण तुम्ही बोलायचात आणि आम्ही लिहायचो, दुसरी काही पद्धतच नव्हती.

मग ते प्लेट बघणं. अहो, काय थाट असायचा तुमचा! सकाळी इन्क्युबेटर उघडला की आम्ही भिंतीला लागून उभ्या, आणि तुम्ही प्लेट खिडकीशी नेऊन उजेडात धरणार. मग ती फिरवणार. थोडी तिरकी, मग थोडी अजून तिरकी, एक डोळा बारीक. कडं नसेल तर नीट दिसत नाहीये, उजेड कमी आहे, कुणीतरी पडदा सरकवा. हवं ते दिसेपर्यंत तुम्ही ती प्लेट फिरवायचात आणि मग एकदम ‘‘वा! दिसतंय, दिसतंय’’ म्हणून आमच्याकडे वळायचात, मग आम्हालाही दिसायचं. मी एकदा न विचारता एका भोकात नुसतं स्पिरिट टाकलं. सकाळी पाल्याच्या भोकाभोवती जेवढं कडं तेवढंच स्पिरिटच्या भोकाभोवती, अगदी जुळ्या बहिणींसारखी. मी प्लेट तुमच्यापुढे धरली. ती मात्र तुम्ही फिरवली नाहीत. उजेडात नेली नाहीत. टेबलावर उपडी टाकलीत आणि म्हणालात, ‘‘तुझा हात चुकला. आणि तुला पाल्यावर काम दिलंय की स्पिरिटवर? दारूवर रिसर्च करायचा असेल तर कलालीत जा.’’ सगळ्या हसल्या. तुम्हीच आम्हाला शिकवलं होतंत की तोंडाने बोलू नका, प्लेट दाखवा. मी प्लेट दाखवली तर तुम्ही तोंडाने बोललात. त्यानंतर मी विषय बदलून घेतला, दह्यातल्या जंतूंवर पीएच.डी. केली, आणि तुम्ही रिटायर होईपर्यंत मला ‘दहीवाली’ म्हणत राहिलात. म्हणा. दह्यात निदान दही होतं.

पण नुसत्या जंतूंवर तुमचं पोट भरणार थोडंच होतं? पाल्याचा अर्क तुम्ही बाहेरच्या एका मोठ्या लॅबला पाठवलात, बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकायला. पेशी मेल्या. तुम्ही पेढे वाटलेत. अहो सर, बशीतल्या पेशी कशानेही मरतात. साबणाच्या पाण्याने मरतात, लिंबाच्या रसाने मरतात, माझ्या सासूच्या चहानेसुद्धा मेल्या असत्या. प्रश्न एवढाच असतो की शेजारच्या चांगल्या पेशी जगल्या का. मी विचारलं तुम्हाला, सगळ्यांसमोर विचारलं, की चांगल्या पेशींवर टाकून बघितलं का. तुम्ही अशा प्रेमळ नजरेने माझ्याकडे बघितलंत की जणू मी बालवाडीतून आले आहे, आणि म्हणालात, ‘‘चांगल्या माणसाला कुणी औषध देतं का बेटा?’’ या वाक्यावर टाळ्या पडल्या. मला आजही कधी कधी त्या टाळ्या ऐकू येतात आणि जेवण जात नाही.

आणि त्या टाळ्या ऐकायला काकू होत्या, हे तुम्ही विसरलात. किंवा काकू तिथे असतात हेच तुम्हाला कधी जाणवलं नाही. हे सगळं झालं लालबागेच्या मैदानावर, तिथे जत्रेत कॉलेजने स्टॉल लावला होता. झोके, खेळणी, भजी, आणि मधोमध तुम्ही, काचेखाली प्लेटा मांडून. काकू आपल्या सगळ्यांचा डबा घेऊन मागे स्टुलावर बसलेल्या. गर्दीतल्या एकाने विचारलं, ‘‘सरजी, ये पत्ते खाना कैसे है?’’ तेव्हा ‘भिया, अजून आम्हाला माहीत नाही’ एवढं म्हणायला काय जात होतं? पण नाही. तुम्ही छाती फुगवून सांगितलंत, ‘‘एक मुट्ठी, पानी में उबाल के, खाली पेट.’’ तपासलं होतं ते स्पिरिटमधलं, आणि प्यायला सांगितलंत पाण्यातलं! डोस तुम्ही तिथे भज्यांच्या वासात उभ्या उभ्या बनवलात. तो माणूस ऐकून पुढे गेला, कदाचित पाळण्यात बसला आणि विसरलाही असेल. काकू नाही विसरल्या. त्यांनी तुमची कुठलीच गोष्ट विसरायची नाही असं ठरवून संसार केला होता.

दसऱ्याला इन्क्युबेटरची पूजा व्हायची, ती तुम्हाला आठवत असेल, कारण त्यात हार तुम्हालाही पडायचा. मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, वर नारळ. काकू नैवेद्याचं ताट घेऊन यायच्या आणि लॅबच्या उंबऱ्याबाहेरच थांबायच्या. ‘‘आत जंतू आहेत, तू येऊ नकोस’’, असं तुम्ही म्हणायचात. आम्ही सगळ्या आत, जंतूंबरोबर, प्रसाद खात. त्या बाहेरून हात जोडायच्या आणि ताट परत घेऊन जायच्या. मला डिग्री मिळाली त्या वर्षी तुम्ही प्रसादाबरोबर माझ्या हातात डालड्याच्या डब्यात लावलेलं सीताफळीचं रोप दिलंत. ‘‘दहीवालीला आमची आठवण’’, म्हणालात. फेकून देणार होते. पण झाडाचा काय दोष, म्हणून अंगणात लावलं. फळं गोड येतात, त्यात तुमचं काही श्रेय नाही.

तुमच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याच झाडाखाली पाणी घालत होते. ‘‘ताई, आईला गाठ आहे’’, तो म्हणाला, ‘‘मागच्या दिवाळीपासून आहे म्हणते. डॉक्टरकडे जात नाही. बाबांचा काढा पितेय. तुम्ही बाबांच्या स्टुडंट, तुमचं ऐकेल ती.’’ मी पाइप तिथेच टाकून निघाले. काकूंच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मानपुरचा तो वास आला, उकळत्या पाल्याचा, कडवट हिरवा. ओट्यावर पातेलं खदखदत होतं, पाला त्यांच्याच अंगणातल्या सीताफळीचा. ‘‘ये ना, बस. पोहे टाकते तुझ्यासाठी’’, काकू म्हणाल्या. मी म्हटलं पोहे राहू देत, आधी गाठ दाखवा. त्यांनी पदर सरकवला. सर, मी डॉक्टर नाही, पण मला बघता येतं. कातडी आत ओढली गेली होती. ‘‘बिलकुल दुखत नाही बघ’’, त्या कौतुकाने म्हणाल्या, ‘‘काढ्याचाच गुण आहे. त्या डॉक्टरांचं काय, म्हणतात सुई टोचून बघू. सुई टोचली की पसरतं, हे सगळ्यांना माहीत आहे.’’ मी सांगितलं की सुईने पसरत नाही, न दुखणं ही काही चांगली खूण नव्हे, आणि या पातेल्यात पाल्याच्या पाण्याशिवाय काही नाही. त्यांनी गॅस बारीक केला. चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यातून काहीतरी उचलून नेत होते. ‘‘तू तोंडाने बोलू नकोस’’, त्या म्हणाल्या, ‘‘प्लेट दाखव. साहेब हेच म्हणायचे ना?’’

हो, हेच म्हणायचात. मग मी काकूंना गाडीत घातलं आणि काढ्याचं पातेलं त्यांच्या मांडीवर दिलं, स्टीलच्या झाकणाचं. आपल्या जुन्या लॅबच्या दाराशी, जिथे आता मी शिकवते, त्यांनी चपला काढल्या आणि सवयीने उंबऱ्याबाहेर थांबल्या. मी म्हटलं, आत या. ‘‘आत जंतू असतात ना गं?’’ मी म्हटलं, जंतू तर आपल्या हातावरही असतात, या तुम्ही. त्या आत आल्या, भिंतीला हात लावत लावत, आणि सगळ्यात आधी इन्क्युबेटरला नमस्कार केला. दसरा नसताना. सगळं त्यांच्याच हाताने करवलं, म्हणजे मागाहून कुणाचा हात चुकला असं म्हणायला कुणाला तोंड नको. थेंब बरोबर भोकात पडले. एकात त्यांचा काढा. एकात स्पिरिटमध्ये भिजवलेला पाला, तुमच्या पद्धतीने. एकात नुसतं स्पिरिट. एकात साधं पाणी. मी मार्कर पुढे केला तर नको म्हणाल्या. कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आणि प्लेटच्या खालच्या बाजूला, काढ्याच्या भोकाखाली एक टिंब लावलं. तुम्ही गेल्यावर कुंकू लावायचं नाही असं शेजारणी सांगत होत्या, ते त्यांनी मुळीच ऐकलं नव्हतं हे बरं झालं. जंतूंच्या प्लेटवरून गाठीबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘साहेब म्हणायचे जे जंतू मारतं तेच गाठ मारतं. मग बघू या ना, जंतू मारतं का.’’ तुमच्या तर्काने तुमचीच बायको तुम्हाला तपासायला निघाली होती, आणि तुमच्यापेक्षा सरळ.

दुसऱ्या दिवशी मी प्लेट त्यांच्यापुढे ठेवली. स्पिरिटातला पाला, त्याभोवती कडं. नुसतं स्पिरिट, तेवढंच कडं. पाणी, काही नाही. आणि कुंकवाचं टिंब जिथे होतं तिथे जंतू अगदी भोकाच्या काठापर्यंत दाटीने वाढलेले, मजेत. काकूंनी चष्मा पुसून परत बघितलं. मग विचारलं, ‘‘म्हणजे इतकी वर्षं ते स्पिरिटच बघत होते?’’ मी हो म्हटलं. ‘‘त्यांना कुणी सांगितलं नाही?’’ मी म्हटलं, मी सांगितलं होतं, अशीच प्लेट दाखवली होती. ‘‘मग काय म्हणाले?’’ मी म्हटलं, म्हणाले तुझा हात चुकला. काकू एकदम हसायला लागल्या. इतक्या की स्टुलावर बसवावं लागलं. ‘‘अगं, भाजीत मीठ ते स्वतः वरून टाकायचे आणि खारट झाली की हेच म्हणायचे. तुझा हात चुकला!’’ डोळे पुसता पुसता ते हसणं कधी थांबलं आणि दुसरं काय सुरू झालं, ते मला कळलं नाही. मी नुसती पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मग त्यांनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, ‘‘चल. त्या पलासियाच्या डॉक्टरचा नंबर लाव. आणि हे पातेलं धुऊन दे मला, दूध तापवायचं आहे.’’

सुई झाली, रिपोर्ट आला, जे असणार होतं तेच होतं. आधी आल्या असत्या तर छोटं ऑपरेशन झालं असतं, असं डॉक्टर म्हणाला, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू काढा मीच उकळत होते. आता मोठं झालं. हे लिहिता लिहिताच तो बाहेर आला होता, टोपी काढत. गाठ पूर्ण निघाली, बगलेतल्याही काही निघाल्या, पुढे औषधं लागतील, वय बघून जमतील तेवढी देऊ. उशीर झालाय, पण हातातून गेलेलं नाही. मला आत सोडलं. काकू अर्धवट शुद्धीत होत्या, ओठ सुकलेले. मला खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, ‘‘माझ्या अंगणातलं झाड कुणाला तोडू देऊ नकोस. फळं चांगली आहेत.’’ मी म्हटलं, नाही तोडू देणार. म्हणजे तुमचं ते झाड आता दोन अंगणांत राहणार, आणि त्याची फक्त फळं खाल्ली जाणार. यापेक्षा मोठी शिक्षा मला तुमच्यासाठी सुचत नाही.

तुमचा मुलगा विमानतळावरून निघालाय, आता येईलच. हे कागद मी पर्समध्ये कोंबणार आणि घरी गेल्यावर फाडणार. तुमचा पत्ता असता तरी टाकले नसते, कारण पुढचं वाचून तुमची मान ताठ झाली असती, आणि ते सुख मी तुम्हाला मेल्यावरही देणार नाही. पण एक गोष्ट मी काकूंना सांगितली नाही, मुलालाही सांगणार नाही. प्लेट दाखवायच्या दिवशी काकू यायच्या पुष्कळ आधी मी लॅबमध्ये गेले होते. कुणी नव्हतं. इन्क्युबेटरच्या दाराला हात लावला, आणि सर, मी मनातल्या मनात म्हटलं की असू दे. त्या कुंकवाभोवती कडं असू दे, बारीकसं का होईना. मी जन्मभर चुकलेली असू दे, आणि हा बाताड्या माणूस एकदा, एकदाच, बरोबर निघू दे. मग दार उघडलं. प्लेट खिडकीशी नेली, उजेडात धरली आणि फिरवली. थोडी तिरकी केली, मग अजून थोडी, एक डोळा बारीक करून. पडदासुद्धा सरकवला. बराच वेळ फिरवत राहिले. काही दिसलं नाही. तेव्हा ती परत आत ठेवली, दार लावलं आणि काकूंची वाट बघत बसले.